सात नंबरचं पाऊल

माझी वहिनी शिवणाच्या लाइनवर होती, तेव्हा कारखान्यात तिला कुणी ओळखत नव्हतं. दीडशे मशिनी, दीडशे बायका. पळायच्या बुटाला लेसखाली जी जीभ असते ती जोडायची, एवढंच तिचं काम. दिवसाला चारशे जिभा. "घरी सासूबाईंची एक आणि इथे चारशे, सांभाळते बाई कशाबशा," असं ती आईच्या तोंडावर म्हणायची. माझ्या आईच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असायची, पण ह्या वाक्याला ती हसायची.

एक दिवस डिझाइन खात्यातला माणूस पाऊल मोजायची स्टीलची पाटी घेऊन लाइनवर आला. नवा बूट बनतो तो आधी एकाच मापात बनतो. बायकांचा सात नंबर, पुरुषांचा नऊ. तो जमला की त्यावरून बाकीचे नंबर वाढवायचे, घटवायचे. त्यासाठी सात नंबरात चपखल बसणारं जिवंत पाऊल लागतं. लांबी दोनशे चाळीस मिलिमीटर, आणि रुंदी, घेर, तळव्याची कमान सगळं कागदावरच्या आकड्यांबरहुकूम. असं पाऊल सहजासहजी सापडत नाही. त्या माणसानं दोन दिवसांत सगळ्या कारखान्यातल्या दोनशेच्या वर बायकांचे पाय मोजले. वहिनीपाशी आला, मोजलं, पाटी पुसली, परत मोजलं, आणि तिथेच उभ्या उभ्या साहेबांना फोन लावला. "मिळाली," म्हणाला.

तेव्हापासून ती 'सात नंबर' झाली. गेटवरचा वॉचमनही "या सात नंबर" म्हणायचा. नवा बूट निघाला की पहिला तिच्या पायात. ज्याच्यावर चढवून बूट बनवतात तो प्लास्टिकचा पाय, म्हणजे फर्मा, तिच्या पावलावरून घासून दुरुस्त व्हायचा. आणि बूट नुसता घालून भागत नाही, पळावं लागतं. वहिनी जन्मात कधी बसच्या मागे पळणं सोडलं तर कुठे पळाली नव्हती. एकतिसाव्या वर्षी शिकली. कारखान्याभोवतीचा रस्ता सव्वा किलोमीटरचा. आधी दोन फेऱ्यांत धाप लागायची, मग पाच झाल्या, मग रोजच्या आठ. पळून आली की स्टुलावर बसायची आणि काय जाणवलं ते आपल्या भाषेत सांगायची. "हा बूट टाच गिळतो." "हा माझ्या आधी वळतो." "ह्याला करंगळीशी वैर आहे." सुरुवातीला डिझाइनवाले हसायचे. मग त्यांना कळलं की वहिनी 'गिळतो' म्हणाली की टाचेखालचा फोम ठरल्यापेक्षा मऊ निघतोच. दोन वर्षांत त्यांनी भिंतीवर तक्ताच लावला, वहिनीचा शब्द एका बाजूला आणि मिलिमीटर दुसऱ्या.

मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होते. यंत्रांचे आकडे वहीत उतरवायचे, आणि दर सहा महिन्यांनी, जे लोक बूट घालून पळतात, त्यांची पावलं मोजायची. वहिनीचंही पाऊल मीच मोजायचे.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माणसाचं पाऊल वय वाढतं तसं पसरतं. कमान खचते, लांबी वाढते. वहिनी एकेचाळीसची झाली त्या वर्षी पाटीवर मला दोनशे त्रेचाळीस दिसले. मी वहीत दोनशे चाळीस लिहिलं. सहा महिन्यांनी पंचेचाळीसच्या जरा अलीकडे काटा आला. मी परत दोनशे चाळीसच लिहिलं. वहिनीनं दोन्ही वेळा पाटीकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

मग पांढरा बूट आला. त्याचं खरं नाव बाजारात जाताना ठरणार होतं. आम्ही त्याला पांढराच म्हणायचो. जाड, हलका फोम आणि फोमच्या पोटात कार्बनची पातळ, कडक पट्टी. पाऊल टेकलं की फोम दबतो, उचललं की उसळतो, आणि पट्टी बोटांना पुढे लोटते. लॅबमधलं ठोक्याचं यंत्र तासन्‌तास त्याच्यावर आपटत राहिलं, आणि दाबायला लागलेल्या ताकदीतली इतकी ताकद बूट परत देत होता की लॅबच्या काकांनी यंत्र बिघडलं समजून दोनदा तपासलं. काका म्हणजे लॅबचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे.

पांढरा बूट होता मॅडमचा. मॅडम पळायच्या बुटांच्या खात्याच्या मुख्य. तीन वर्षं त्या ह्या बुटामागे होत्या. साचे बनून आले होते, दुकानांच्या साखळीचे खरेदीदार सोमवारी येणार होते, आणि पुढच्या हंगामात चाळीस हजार जोड एकाच दिवशी दुकानांत लावायचे होते. बाहेरून आमच्यासाठी बूट तपासणारे एक सर होते, शाळेत खेळ शिकवायचे, पाय नऊ नंबर. ते पांढरा घालून लांब पल्ला पळाले आणि आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा चार मिनिटं लवकर आले. अडतीस वर्षांच्या माणसाला चार मिनिटं म्हणजे घबाडच. येत्या रविवारी त्यांची मोठी शर्यत होती. तिथे वेळ साधली असती तर देशाच्या निवड यादीत नाव लागणार होतं. वयाकडे बघता, ह्यापुढे संधी नव्हती.

वहिनी पहिले दोन आठवडे काहीच बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात, एकशेतीस किलोमीटर झाल्यावर, स्टुलावर बसून म्हणाली, "डाव्यात कुणीतरी आतून लोटतंय."

"उजव्यात?" मी विचारलं.

"उजवा सज्जन आहे."

काकांनी नवा डावा बूट यंत्राखाली घातला. पास. टाचेच्या मधोमध कडकपणा मोजला, चवड्याच्या मधोमध मोजला. दोन्ही बरोबर. मॅडमनी आकडे बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "यंत्र चुकत नाही, सात नंबर. तुम्ही दमला असाल. दोन दिवस सुट्टी घ्या."

वहिनीनं सुट्टी घेतली नाही. पण फेऱ्यांनंतर ती पाय जरा उचलून टाकायला लागली होती, ते मी बघत होते.

बुधवारी संध्याकाळी मी दादा-वहिनीच्या घरी गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसून डावा पाय कोमट पाण्यात बुडवून होती. घोट्याच्या पुढे, पावलाच्या वरच्या बाजूला, सुपारीएवढी जागा सुजली होती. दादा नुकताच दुकानातून आला होता. दादाचं काम टायरचं. गाड्यांची चाकं सरळ चालतात की नाही हे बघण्यात त्याची वीस वर्षं गेली. तो वहिनीचा पांढरा बूट उलटा धरून दिव्याखाली बघत होता.

"आतल्या कडेनं झिजलाय," तो म्हणाला. "डावाच. उजवा बघ, कसा सारखा झिजलाय."

"बाईचं पाऊल वाकडं पडलं म्हणतात ते हेच," वहिनी म्हणाली. दादा हसला, मी हसले, पण ती हसली नाही.

"उद्या मॅडम माझी सही मागणार. तपासणीच्या शेवटच्या कागदावर. सोमवारच्या आधी." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "मी नाही म्हटलं की पहिला प्रश्न काय येईल?"

मला माहीत होतं. दादाला नव्हतं. "काय येईल?" त्यानं विचारलं.

"बुटात दोष आहे की बाईच्या पायात? म्हणजे पाय मोजा."

वहिनी मला एरवी थट्टेनं 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. त्या दिवशी तिनं तसलं काही केलं नाही.

"इकडे ये. भिंतीला टाच लावून उभी राहते. मोज."

मी कागद अंथरला, पेन्सिलीनं रेघ मारली, पट्टी लावली. दोनशे पंचेचाळीस. दोनदा मोजलं.

"तू दोनदा चाळीस लिहिलंस."

"हो."

"मी सांगितलं नव्हतं."

"मला सांगायची गरज नव्हती."

दादा आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तो खुर्चीत बसला. त्यांच्या मुलीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष चालू होतं. वहिनीला ह्या कामाचे शिवणापेक्षा दुप्पट मिळत होते. हे कुणी बोललं नाही, पण खोलीत ते चौथ्या माणसासारखं येऊन बसलं.

"सही करून टाक," मी म्हणाले. हो, मीच म्हणाले. "बूट तर पास झालाय. तुझ्या सहीनं काय होणार आहे?"

वहिनीनं पाय पुसला. सुजलेल्या जागेवर अंगठा टेकवला आणि ओठ आवळले. "चाळीस हजार डावे पाय," ती म्हणाली. "आणि त्यातले एक सर. मंगळवारी गेटपाशी भेटले होते. प्रत्येक पायरी चढताना उजवाच पाय आधी टाकत होते. मी विचारलं तर म्हणाले, 'पायमोजा घासला.' पायमोजा घासला तर माणूस असा चढत नाही."

दादा बूट अजून हातात धरून होता. "आमच्याकडे गाडी आली आणि एकच टायर एका बाजूनं खाल्लेलं असलं, तर आम्ही टायरकडे बघत बसत नाही," तो म्हणाला. "दुसरी तशीच गाडी बघतो. तिचंही तसंच असलं, तर दोष कंपनीचा. सरांचा बूट बघा. आणि बाहेरून नको, कापून बघा."

गुरुवारी दहाला मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मॅडम, काका, वहिनी आणि वही घेऊन मी. कागद टेबलावर होता, पेन त्याच्यावर.

"मी सही करणार नाही," वहिनी म्हणाली.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं. "कारण?"

"डावा बूट पळून पळून आत कलतो. नवा असताना नाही. शंभर किलोमीटरच्या पुढे."

"आकडा आहे?"

"माझा पाय आहे."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग पायच मोजू. आत्ता, माझ्यासमोर."

मी पाटी आणली. वहिनीनं चप्पल काढली आणि टाच पाटीच्या मागच्या काठाला टेकवली. मी सरकता काटा पुढे आणला. बोटाला लागला. माझ्या मनात अजूनही तोच विचार. मॅडम खुर्चीत आहेत, तिथून बारीक रेघा दिसत नाहीत. मी चाळीस म्हणाले तर चाळीस.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी स्वतःच वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "दोनशे पंचेचाळीस."

मॅडमनी माझ्या हातातली वही ओढून उघडली.

"वहीत तर चाळीस आहे. सहा महिन्यांपूर्वीचं," मॅडम म्हणाल्या.

"मी बोटं आखडून घ्यायचे," वहिनी म्हणाली. "हिला कळायचं नाही."

ती खोटं बोलत होती. आखडलेली बोटं आंधळ्यालाही कळतात. काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मला वाटलं गप्प राहावं. तिनं वाचवलंय, तर वाचावं. पण वहिनीचा सुजलेला पाय पाटीवर तसाच दिसत होता, आणि माझ्याच्यानं ते होईना.

"तिनं बोटं सरळ ठेवली होती. आकडा मी खोटा लिहिला. दोन्ही वेळा."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे घरचं मंडळ चालवत होतात तुम्ही इथे. वर्षभर माझे सगळे सात नंबर चुकीच्या पायावर तपासले गेले. आणि ह्या पायाच्या सांगण्यावरून मी बूट थांबवू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "संध्याकाळी पाचला दोघी ओळखपत्रं जमा करा."

वहिनीनं चप्पल घातली. दारापर्यंत गेली आणि वळली. "पाचपर्यंत मी इथलीच आहे ना? मग माझा जोड कापून बघा. तो तसाही आता कुणाच्या कामाचा नाही."

काका उठले. त्यांनी मॅडमची परवानगी विचारली नाही आणि मॅडमनी त्यांना अडवलं नाही.

लॅबच्या मागच्या खोलीत पट्ट्याची करवत आहे. काकांनी चष्मा चढवला, आधी उजवा बूट आडवा धरला, बरोबर कमानीच्या जागी. करवत फोममधून सहज जाते, पण पट्टीशी आली की किंचाळते. दोन तुकडे झाले. मग डावा. काकांनी चारही तुकडे टेबलावर मांडले आणि फोमची जाडी मोजली. उजवा, आतल्या कडेला एकतीस मिलिमीटर, बाहेरच्या कडेला एकतीस. डावा, बाहेर एकतीस. आत सव्वीस. आणि पोटातली काळी पट्टी पाण्यात कललेल्या होडीसारखी आत झुकलेली.

"बघा," मी म्हणाले.

"काय बघा?" मॅडम म्हणाल्या, पण त्या टेबलाच्या अगदी जवळ येऊन उभ्या होत्या. "ह्यांची कमान खचलीय. खचलेला पाय आत कलतो आणि फोम दाबतो. बुटानं पाय बिघडवला की पायानं बूट, हे ह्यावरून कसं ठरणार?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनीनंही मान हलवली. "दुसरा बूट पाहिजे. ज्याचा पाय वहीत खरा आहे, त्याचा."

सरांची शाळा कारखान्यापासून दहा मिनिटांवर. मधल्या सुट्टीत वहिनी आणि मी मैदानावर पोचलो. सर पारावर बसून डबा खात होते, पायात पांढरा बूट. वहिनीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. स्वतःचं मापही.

सरांनी डब्याचं झाकण लावलं. "कापायला पाहिजे? आणि रविवारी मी काय घालू?"

"रविवारी पळूच नका."

"सात नंबर, तुमचं वय झालं म्हणून बुटाला दोष देऊ नका." ते हसण्यावारी न्यायला बघत होते, पण चेहरा ताणलेला होता. "चार मिनिटं, कळतं का तुम्हाला? पंधरा वर्षं मी एकेका सेकंदासाठी मेलोय."

वहिनी त्यांच्यासमोर खाली बसली. काही न विचारता तिनं डाव्या बुटाची जीभ बाजूला केली आणि घोट्याच्या पुढे, पावलाच्या वर, अंगठा दाबला. सरांचा डबा मांडीवरून उडाला. त्यांनी पाय असा खेचला की वहिनी मागे पडता पडता राहिली. मैदानावरची मुलं थांबून बघायला लागली.

"इथेच ना?" वहिनी म्हणाली. "माझंही इथेच."

"जा तुम्ही," सर म्हणाले. "जा इथून."

आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. दीड वाजला होता. वहिनी लॅबच्या बाकावर बसून राहिली. मी माझं टेबल आवरायला घेतलं. पट्टी, पेन्सिली, चहाचा कप. अडीच वाजले. तीन. वहिनी म्हणाली, "तू उगाच बोललीस. एक तरी राहिली असती." मी म्हणाले, "तू उगाच वाकलीस." सोमवारसाठी पांढऱ्या बुटांचे खोके हातगाडीवरून समोरून जात होते आणि प्रत्येक गाडी गेली की वहिनी तिच्याकडे बघायची.

चारला दहा मिनिटं कमी असताना गेटवरून फोन आला. सर आले होते. पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. ते लंगडत होते, आणि आता लपवतही नव्हते.

"शेवटच्या तासाला मुलांना एका पायावर उड्या मारायला शिकवतो मी," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "उजव्यावर दहा मारल्या. डाव्यावर एक नाही जमली." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, पण बंद सोडला नाही. काकांनी हात पुढे केला तरी काही क्षण तो बंद त्यांच्या मुठीतच होता. मग सोडला.

करवत चालू झाली तेव्हा सर बाहेर जाऊन उभे राहिले.

उजवा, एकतीस आणि एकतीस. डावा, बाहेर एकतीस. काकांनी आतली बाजू मोजली, माप पुसलं, परत मोजली. "पंचवीस," ते म्हणाले.

वेगळा माणूस, वेगळा नंबर, वेगळा साचा. आणि कलणं तेच.

मॅडमनी तो तुकडा उचलला. बराच वेळ बोटानं फोम दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, नवा जोड घ्या. कडकपणा मधोमध नका मोजू. आतल्या कडेला मोजा." मोजला. डावा उजव्यापेक्षा मऊ निघाला, थोडासाच. नव्यात तो जाणवणार नाही, पण रोजच्या माराखाली बसत जाणार. आम्ही इतकी वर्षं फक्त दोन ठिकाणी मोजत होतो, कारण तपासणीच्या तक्त्यात दोनच रकाने होते.

"साचे वेगळे आहेत," मॅडम स्वतःशी म्हणाल्या, "पण डावे सगळे प्रेसच्या एकाच बाजूला बसतात." आणि त्या चालायला लागल्या. आम्ही मागून. प्रेसच्या खोलीत फोम शिजतो, भट्टीसारखी धग असते. मॅडमनी स्वतः तापमापक घेतला आणि प्रत्येक कोपऱ्याला लावला. डावीकडचा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा अकरा अंशांनी थंड होता. तिथली तापवणारी कांडी अर्धवट मेली होती. प्रेसच्या काचेवर मात्र सरासरी तापमान बरोबर दिसत होतं. डाव्या बुटांची आतली बाजू महिनाभर कच्ची निघत होती.

तीन वर्षं, चाळीस हजार जोड, सोमवारचे पाहुणे, सगळं मॅडमच्या चेहऱ्यावरून जाताना दिसलं. मग त्यांनी प्रेसवाल्याला सांगितलं, "बंद कर."

"मॅडम, साच्यात माल आहे."

"मालासकट बंद कर."

पाच वाजून गेले होते. ओळखपत्रं कुणी मागितली नाहीत आणि आम्हीही दिली नाहीत.

शुक्रवारी सरांच्या पायाची तपासणी झाली. पावलाच्या वरच्या त्या लहानशा हाडाला केसासारखी चीर पडायला सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, रविवारी पळाले असते तर हाडाचे दोन तुकडे झाले असते, आणि पळणं तिथेच संपलं असतं. बारा आठवडे पाय टेकायचा नाही. वहिनीचं हाड शाबूत होतं, नुसती सूज. ती सरांना भेटायला गेली तेव्हा त्यांच्या आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "तो झोपलाय." आतून रेडिओचा आवाज येत होता. वहिनी दोनदा गेली. दोन्ही वेळा ते झोपलेलेच होते.

पांढरा बूट एक हंगाम उशिरा आला आणि चांगला खपला. त्याच्या जाहिरातीत पट्टीबद्दल आहे, फोमबद्दल आहे, बाकी कशाबद्दल काही नाही. मॅडमनी तक्त्यात रकाने दोनाचे नऊ केले आणि प्रत्येक बूट दोनशे किलोमीटर पळवून, कापून बघितल्याशिवाय पुढे जायचा नाही असा नियम केला. मला खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि लॅबमधून उचलून खोके भरायच्या खात्यात टाकलं. तिथेच आहे अजून. माझी कुरकुर नाही. वहिनीचं पळणं मात्र बंद झालं. पाय पंचेचाळीसचा होता तो होताच. नवीन सात नंबर म्हणून खोके भरायच्या खात्यातली एक बाई सापडली.

वहिनी परत शिवणावर गेली. आठ महिने जिभा जोडल्या. मग मॅडम स्वतः लाइनवर आल्या आणि तिला परत आलेल्या मालाच्या खोलीत घेऊन गेल्या. गिऱ्हाइकांनी तक्रार करून पाठवलेले बूट तिथे येतात, पोती भरून. पूर्वी ते नुसते मोजून जाळायला जायचे. "वाचा," मॅडम म्हणाल्या. "कुठे काय चुकलंय ते मला सांगा. आकडा नसला तरी चालेल."

आता ती तेच करते. मोठ्या खिडकीशी टेबल, समोर दुनियेचे झिजलेले बूट. तळ बघून ती सांगते की हा माणूस वजनानं जड आहे, हा चढावर पळतो, आणि हा पळतच नाही, नुसता मिरवतो.

सर पुढच्या वर्षी शर्यत पळाले. निवडीच्या वेळेपेक्षा सहा मिनिटं उशीर झाला. निवड यादीत नाव लागलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात ते वहिनीच्या खोलीत आले. मी डबा खायला तिथेच होते. ते स्टुलावर बसले.

"अजून राग आहे?" वहिनीनं विचारलं.

"आहे," सर म्हणाले. "रोज थोडा थोडा कमी होतो."

वहिनीनं मान हलवली. तिनं माफी मागितली नाही आणि सरांनी आभार मानले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पायातले बूट काढले आणि टेबलावर ठेवले. वहिनीनं डावा उचलून खिडकीकडे धरला, मग उजवा. सर तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, डॉक्टरसमोर बसतात तसे.

"पाऊल सरळ पडतंय," ती म्हणाली. "पळा."